गाडीचं घडीचं छप्पर बदलायचंय: विनाइल घ्यावं की कापड?

ओलाचिंब | ३ मार्च, रात्री १०.४०

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका.

मी स्टॉकपोर्टला राहतो, मँचेस्टरला लागूनच. इथल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको, आयडी उगाच घेतलेला नाही. तीन वर्षांपूर्वी चाळिशीची खाज म्हणून एक जुनी युनोस रोडस्टर घेतली. १९९२ ची. युनोस म्हणजे माझदा एमएक्स-५ च. जपानात या नावाने विकायचे, तिथून वापरलेल्या गाड्या इकडे बऱ्याच आल्या. दोन सीट, लाल रंग, बटण दाबलं की बेडकासारखे डोळे वर काढणारे हेडलाइट.

तर तिचं हूड, म्हणजे घडीचं छप्पर, आता गेलंय. काळं विनाइल आहे. उघडताना जिथे घडी पडते तिथे, डाव्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, बोटभर चीर. मागची खिडकी प्लास्टिकची, ती इतकी पिवळट झालीये की मागची गाडी फक्त रंगावरून ओळखायची. आणि ड्रायव्हर सीटच्या मागच्या कार्पेटमध्ये कायम पाणी. गेल्या महिन्यात पाण्याच्या बाटलीने उपसलं.

दोन कोटेशन आली आहेत. विनाइलचं २४० पाउंड, कापडाचं (इथे त्याला 'मोहेर' म्हणतात) ४३०, बसवायचे २५० वेगळे. गाडी बारा महिने रस्त्यावर, सिकॅमोरच्या झाडाखाली उभी असते. गॅरेज नाही.

मोहेर जवळजवळ दुप्पट पैशांच्या लायकीचं आहे का? बायकोचं म्हणणं, "गाडीत छत्री ठेवणारे खूप पाहिले, गाडीत छत्री उघडणारा तूच पहिला."

---

डेट्रॉईटचा_दादा | ३ मार्च, रात्री ११.१५

आधी एक व्यवहाराची सूचना. अमेरिकेतून मागवणार असाल तर चुकूनही 'हूड' लिहू नका. आमच्याकडे हूड म्हणजे बॉनेट. एका इंग्रज मित्राने इथल्या दुकानाला फोन करून काळं हूड मागितलं, पलीकडच्याने विचारलं, "प्रायमर मारलेलं देऊ की नुसतं?" इथे 'सॉफ्ट टॉप' म्हणायचं.

कापडच घ्या. स्टेफास्ट मागा. हे कापड हार्ट्झ कंपनीचं, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲक्टन गावची. माझ्या गाडीवर मिशिगनचे अकरा हिवाळे काढलेत त्याने.

---

नानाची_जीप | ४ मार्च, सकाळी ७.०५

हूडच बरोबर. आमच्याकडे जीपचं हूड, रिक्षाचं हूड. आणि त्याच्याही आधी टांग्याची टप. गाड्यांची ही घडीची छपरं घोडागाडीवरूनच आली आहेत, त्यामुळे 'टप' हा शब्द सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला. एसटीच्या टपावर सामान टाकणाऱ्या पिढीला तरी पटेल.

माझ्याकडे एमएम ५४० जीप आहे, नानांनी घेतलेली. तिचं हूड आजवर चार वेळा शिवून झालं. पहिली दोन जाड सुती कॅनव्हासची, मेण मारलेली. पावसात भिजलं की सूत फुगतं आणि वीण आपोआप बंद होते, पाणी आत येत नाही. फक्त आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट लावाल तिथून धार सुरू. लहानपणी मागे बसून मी आणि बहीण मुद्दाम बोट लावायचो आणि मग नाना आम्हाला लावायचे.

तिसरं रेक्झिनचं. नाना पेठेत दोन दिवसांत शिवून मिळालं, चौथ्या उन्हाळ्यात पापडासारखं झालं. चौथं परत कॅनव्हास. वास येतो, जड आहे, पण फाटलं तर कुशनवाला ठिगळ लावून देतो. रेक्झिनला ठिगळ धरत नाही, शेजारीच फाटतं.

तेव्हा कॅनव्हास.

---

आगाऊ_कार्टा | ४ मार्च, सकाळी ९.३०

एक माझाही साधा प्रश्न. मँचेस्टरमध्ये राहून उघडी गाडी घेण्यापूर्वी कुणाला विचारलं होतं का?

बाकी हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं कडक छप्पर घ्या, विषय संपला.

---

ओलाचिंब | ४ मार्च, सकाळी ९.५२

@आगाऊ_कार्टा, हार्डटॉप ठेवू कुठे? उन्हाळ्यात काढलं की ते जेवणाच्या टेबलाएवढं आहे. टेबल काढू का?

---

शिवणटाका | ४ मार्च, दुपारी ३.२०

डोंबिवलीत आमचं दुकानांच्या आणि बाल्कनीच्या छत्र्या, बोटींची कव्हरं शिवायचं युनिट आहे, चोवीस वर्षं झाली. गाड्यांची हूडं आम्ही शिवत नाही, पण कापड तेच हाताखालून जातं. म्हणून लिहिते.

'मोहेर' म्हणून तुम्हाला जे विकताहेत त्यात बकरीचा एक केससुद्धा नसणार. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. जुन्या काळच्या नावाला ब्रिटनमधले लोक चिकटून आहेत इतकंच. आज मिळतं ते ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा. तीन थर असतात: वर विणलेलं ॲक्रिलिक, मध्ये ब्युटिल रबर, खाली सुती किंवा सूत-पॉलिएस्टरचं अस्तर. वरचं कापड पाणी अडवत नाही, अडवतं ते मधलं रबर. टायरच्या ट्यूबमध्ये असतं ना, तेच ब्युटिल. वरच्या कापडाचं काम ऊन खायचं.

आणि ऊन खाण्यात ते पटाईत, कारण रंग. साधं कापड आधी विणतात, मग रंगवतात. सफरचंदासारखं, सालीलाच रंग, आत पांढरं. या ॲक्रिलिकचा धागा व्हायच्या आधी, ते पातळ असतानाच त्यात रंग घालतात. म्हणजे बीट. कुठूनही कापा, आत लालच. म्हणून आमच्या दुकानांच्या छत्र्या दहा-दहा वर्षं रंग सोडत नाहीत.

स्टेफास्ट आणि ट्विलफास्ट ही दोन नावं ऐकाल. दोन्ही एकाच कंपनीची. स्टेफास्टची वीण साधी, कॅनव्हाससारखी दिसते. ट्विलफास्टची तिरकी, जीन्सच्या पँटीसारखी, आणि ते अंगाला जरा नीटस दिसतं. युरोपातल्या गाड्यांवर तिरक्या विणीचं जास्त. तुमच्या गाडीला दोन्ही चालेल, डोळ्यांना आवडेल ते घ्या.

आता विनाइल. ते पॉलिएस्टरच्या कापडावर दिलेला पीव्हीसीचा थर, वरून चामड्यासारखे दाणे उठवलेले. पीव्हीसी मुळात कडक असतं. घराच्या गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप आणि तुमचं हूड, दोघांचं कूळ एक. मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि उन्हाने, वर्षांनी ते हळूहळू उडून जातं. मग हूड परत पाइप व्हायला बघतं. थंडीत तर फारच. घडी पडते तिथेच चीर जाते ती त्यामुळे. तुमचीही तिथेच गेलीये.

नानाची_जीप यांचं रेक्झिन पापड झालं तेही हेच. गंमत म्हणजे 'रेक्झिन' हे मुळात कंपनीचं नाव, आणि ती कंपनी ओलाचिंब यांच्या शेजारच्या हाइड गावची. त्यांचं अस्सल रेक्झिन वेगळं होतं, सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप. आपण हल्ली म्हणतो ते सगळं पीव्हीसीच.

आणि एक. सगळे कापडाचं विचारतात, दोऱ्याचं कुणी विचारत नाही. कापड पंधरा वर्षं टिकेल आणि टीप आठव्या वर्षी उसवेल, मग काय उपयोग? साधा पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने कुजतो, तोही वरचाच, जिथे ऊन लागतं. विकणाऱ्याला विचारा: दोरा कोणता, आणि शिलाईवर आतून टेप लावली आहे का. सुईने पडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. ह्या एका बाबतीत विनाइल उजवं, कारण त्याचे काही जोड सुई न लावता वितळवून चिकटवता येतात. ॲक्रिलिक शिवावंच लागतं.

---

मुक्काम_पोस्ट | ४ मार्च, दुपारी ४.०१

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे गाडीच नाही.

---

चिकित्सक | ४ मार्च, सायंकाळी ६.४५

शिवणटाका यांचा प्रतिसाद उत्तम, पण किमतीचा मुद्दा सुटला. विनाइल २४० चं आणि कापड ४३० चं. गाडी ३० वर्षांची. मालक ती अजून किती वर्षं ठेवणार? पाच वर्षांत विकणार असेल तर विनाइल घेऊन वाचलेल्या पैशांत बाकी कामं होतील. कापडी हूड लावलं म्हणून जुन्या गाडीची किंमत १९० पाउंडांनी वाढेल असं वाटत नाही.

शिवाय विनाइल ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. कापडात घाण विणीच्या आत बसते. झाडाखाली, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे महत्त्वाचं नाही का?

ता. क.: कापड-रबर-कापड ही रचना काही नवीन शोध नाही. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये नेमकं याचंच पेटंट घेतलं: दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. कारखाना मँचेस्टरमध्येच, केंब्रिज स्ट्रीटला. आणि त्याच्या रेनकोटांची पहिली तक्रार काय होती माहितेय? शिंपी शिवताना भोकं पाडायचे आणि शिवणीतून पाणी यायचं. दुसरी तक्रार म्हणजे उन्हाळ्यात रबर चिकट, थंडीत कडक. ती पुढे व्हल्कनायझेशनने, म्हणजे रबर गंधकासोबत तापवून, सुटली. पहिली अजून सुटलेली नाही, असं ताईंच्या प्रतिसादावरून दिसतं.

---

ओलाचिंब | ४ मार्च, सायंकाळी ७.३०

केंब्रिज स्ट्रीट?! माझं ऑफिस ऑक्सफर्ड रोड स्टेशनजवळ आहे, दुपारी सँडविच खायला मी तिकडूनच जातो. म्हणजे रेक्झिन हाइडचं आणि रबराचं सँडविच केंब्रिज स्ट्रीटचं. दोन्ही पर्याय माझ्याच गल्लीतले, आणि मी ओला.

गाडी विकणार नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिने आत्ताच हक्क सांगून ठेवलाय.

---

रस्टबकेट | ४ मार्च, रात्री ११.५८

उशिरा आलो. बर्मिंगहॅम. आतापर्यंत तीन एमएक्स-५ झाल्या, दोन गंजून गेल्या, तिसरी सांभाळून आहे. म्हणून सगळ्यांना थांबवून एक प्रश्न विचारतो.

भावा, पाणी हूडमधूनच येतंय हे तू तपासलंस का?

चीर डाव्या बाजूला आहे म्हणतोस. इकडे ड्रायव्हर उजवीकडे. मग ड्रायव्हरच्या मागे पाणी कसं साठतं?

या गाडीत हूडवरून मागे येणारं पाणी बाहेर पडत नाही, आत येतं. मुद्दामच. हूडच्या मागच्या काठाला आतून एक प्लास्टिकची पन्हाळ असते, तिला रेन रेल म्हणतात. पाणी तिच्यात पडतं, दोन्ही कोपऱ्यांत जातं, आणि सीटबेल्टच्या खांबांमागे एकेक भोक असतं त्यातून नळीने मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली गळतं. त्या भोकात पानं, सिकॅमोरच्या पंखवाल्या बिया, माती बसली की पाणी तुंबतं आणि मग कार्पेटमध्ये उतरतं. कार्पेट हा चांगला शेवट. वाईट शेवट म्हणजे दाराखालच्या सिलमध्ये उतरणं. सिल आतून गंजतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एमओटीवाला (गाडीची वार्षिक तपासणी करणारा) स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि तो आत जातो. माझ्या दोन अशाच गेल्या.

उद्या असं कर. हूड उघड, एक मग पाणी घे, सीटमागच्या कोपऱ्यात हळूहळू ओत. आधी डावीकडे, मग उजवीकडे. गाडीखाली वाकून बघ. जेवढं ओतलं तेवढं लगेच खाली पडलं पाहिजे.

तुंबलं असेल तर तार खुपसू नकोस, हवेचा फवाराही मारू नकोस. खालची नळी निसटली तर पाणी थेट सिलमध्ये. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी घे, हलक्या हाताने फिरव.

त्यानंतर कापडावर बोलू.

---

नानाची_जीप | ५ मार्च, सकाळी ६.५०

वरच्या प्रतिसादाला दहा वेळा अनुमोदन.

---

ओलाचिंब | ८ मार्च, दुपारी १.१०

मंडळी, मग-परीक्षा झाली. आज सकाळी पाऊस नव्हता (नोंद घ्यावी).

डावीकडे ओतलं, खाली टपटप पडलं. उजवीकडे ओतलं आणि काहीच नाही. मुलगी गाडीखाली टॉर्च घेऊन पालथी पडली होती, ती ओरडली, "बाबा, ओत ना!" मी म्हटलं, ओतलंय. अर्धा मग पाणी भोकाच्या तोंडाशी नुसतं उभं होतं, चहासारख्या रंगाचं. मग हळूच कार्पेटच्या कडेने आत सरकलं. डोळ्यांदेखत.

नायलॉनची दोरी शेजाऱ्याकडून आणली. वीस मिनिटं फिरवली. आधी काळी राड निघाली, मग बियांचा लगदा, आणि मग एकदम गळळळ करून सगळं खाली गेलं. पोरीच्या बाहीवर. वास नाल्यासारखा.

@रस्टबकेट, तुम्हाला बिअर लागू. दोन वर्षं मी हूडला शिव्या घालत होतो.

सिल बोटाने ठोकून पाहिलं, आवाज ठणठणीत आहे. उचलून नीट बघून घेणार.

पण चीर आहेच, आणि खिडकी आंधळी आहेच. त्यामुळे मूळ प्रश्न अजून उभा आहे.

---

वाळवंटी_वारा | ८ मार्च, दुपारी २.४५

दुबईहून. माझा अनुभव तुमच्या उलट्या हवेतला. इथे काळं विनाइल घ्यायचा विचारही करू नये, दुपारी हात टेकवला तर ठसा उमटेल. माझं फिकट तपकिरी कापड आहे, छान चाललंय. त्रास वाळूचा. बारीक वाळू विणीत बसते आणि घडी पडते तिथे कानशीसारखी घासते. म्हणून धुण्याआधी व्हॅक्यूम आणि मऊ ब्रश. ओलं करून घासलं की वाळू आत ढकलली जाते.

तुमच्याकडे वाळूऐवजी शेवाळ असेल.

---

रस्टबकेट | ८ मार्च, रात्री ९.२०

शेवाळच. म्हणून तुझ्यासाठी फिकट रंग बाद. झाडाखाली दोन हिवाळ्यांत तपकिरी कापड हिरवट होतं. काळं घे.

आणि चिकित्सक म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. विनाइल पुसायला सोपं. पण पुसायचं किती आणि उघडायचं किती, हे बघा. हूड नुसतं बंद ठेवून फिरणाऱ्याला विनाइल पुरे. आमच्यासारखे, जे जानेवारीत दोन तास ऊन पडलं तरी हीटर पायावर सोडून टप उघडतात, त्यांनी विनाइल घेऊ नये. पाच अंशांत विनाइल दुमडणं म्हणजे मागच्या वर्षीची जिलबी वाकवणं.

आतला आवाजही कापडात कमी. मोटरवेवर फरक कळतो. रेडिओ ऐकू येतो असं म्हणणार नाही, चालू आहे हे कळतं.

खिडकीचं मात्र नक्की कर: काच. या पहिल्या पिढीला (१९८९ ते १९९७) प्लास्टिकची खिडकी होती. टप उघडायच्या आधी चेन काढून खिडकी आडवी पाडायची, नाहीतर घडीची रेघ कायमची. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीला काच आली, आणि ते हूड तुझ्या सांगाड्यावर बसतं. चेनची भानगड नाही, पिवळं पडायचं नाही. काचेत गरम तारा असतात, त्यांना वायर मात्र तुला ओढावी लागेल, तुझ्या गाडीत ती मुळात नाही.

काचेत एकच तपासायचं: ती कापडाला चिकटवलेली असते, शिवलेली नव्हे. स्वस्त हूडात तो जोड चौथ्या-पाचव्या वर्षी कोपऱ्यातून सुटतो. कापडापेक्षा मी त्या चिकटवण्याला जास्त पैसे देईन.

---

चिकित्सक | ८ मार्च, रात्री ९.४१

'अर्धं बरोबर' हा माझ्या आयडीला या संस्थळावर मिळालेला सर्वोच्च सन्मान आहे.

एक शंका: कापडावर पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबले की लोक म्हणतात वॉटरप्रूफिंग गेलं. ते गेलं म्हणजे आत गळणार का?

---

शिवणटाका | ९ मार्च, सकाळी ११.००

नाही. थेंब घरंगळतात ते वरच्या धाग्यावरच्या लेपामुळे. तो धुण्याने, उन्हाने जातो. मग वरचं कापड पाणी पितं, ओलं राहतं, जड होतं, शेवाळाला घर मिळतं. पण आत गळत नाही, खाली रबर आहे. वर्षा-दोन वर्षांनी हूड धुऊन, पूर्ण वाळवून कापडाचं पाणीरोधक द्रव मारायचं, परत थेंब घरंगळतात. अर्धवट ओल्यावर मारलं तर डाग पडतात, ही चूक सगळे करतात. घाई.

ओलं हूड दुमडून ठेवू नका. खालचं अस्तर सुती आहे, दोन दिवसांत बुरशी. पावसात नाइलाजाने दुमडलं तर घरी येऊन परत उघडून वाळवा. विनाइलवर चकचकीत करणारे सिलिकॉनचे फवारे मारतात तसले कापडावर चुकूनही नको. आणि प्रेशरचं पाणी शिलाईवर रोखून धरू नका. आमच्याकडे एका हॉटेलवाल्याने नवी कोरी छत्री तशी धुतली आणि आठवड्यात शिलाई गळते म्हणून भांडायला आला.

---

आगाऊ_कार्टा | ९ मार्च, सकाळी ११.२०

चाकूने कापून चोरी होत नाही का? कापड असो की विनाइल?

---

रस्टबकेट | ९ मार्च, दुपारी १२.१५

होते. म्हणून आत काही ठेवायचं नाही आणि बरेच जण दारही लॉक करत नाहीत. चोराने दार उघडून रिकामी गाडी बघावी, ४३० पाउंडांचं हूड कापून बघू नये. दार उघडं ठेवणं विम्यात मात्र बसतं का ते आधी वाचा.

---

ओलाचिंब | १२ मार्च, रात्री १०.०५

निर्णय: काळं ॲक्रिलिक, तिरक्या विणीचं, काचेची खिडकी. विकणाऱ्याला दोऱ्याचं विचारलं. पहिल्या दुकानातला म्हणाला, "शिलाईचा दोरा, सर." दुसऱ्याने आतली टेप फोटो काढून पाठवली, काचेच्या चिकटवण्याची हमी लिहून दिली. तिथून घेतलं, २० पाउंड जास्त पडले. रेन रेल हूडसोबत येत नव्हती, वेगळी मागवली.

बसवायचे २५० वाचवणार. रस्टबकेट शनिवारी येतो म्हणालेत. बायकोने पोह्यांचं आश्वासन दिलंय.

---

ओलाचिंब | २३ मार्च, रात्री ११.३०

बसलं! सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आदल्या रात्री हूड दिवाणखान्यात रेडिएटरजवळ पसरून ठेवलं, घड्या मोडाव्यात म्हणून. घरभर नव्या रबराचा वास. सकाळी नऊला सुरू. मागच्या काठाला आतून लोखंडी पट्ट्या असतात, त्या १० मिमीच्या नटांनी आवळलेल्या. बूट काढून, सीटमागे पालथं पडून, बोटांच्या अंदाजाने एकेक सोडायचा. शेवटचा नट कार्पेटखाली पडला तो पोहे खाताना मुलीला सापडला. जुनी रेन रेल हातात घेताच खारीसारखी तुटली. नवी मागवली नसती तर काम तिथेच थांबलं असतं.

जुनं हूड काढल्यावर सांगाडा उघडा पडला. रिव्हेट ड्रिलने काढायचे, नवीन ठोकायचे, पुढच्या पट्टीला गोंद लावून कापड ओढून बसवायचं. ओढायचं किती, हा सगळा खेळ. मी कमी ओढत होतो, रस्टबकेट म्हणाले, "अजून. कापड आहे, लाजू नको." चारला पुढची दोन्ही कुलपं लागेनात. दोघांनी मिळून, मी वरून दाबून, त्यांनी आतून ओढून, तेव्हा टक् झालं. ते म्हणाले आता पंधरा दिवस उघडू नकोस, कापडाला अंगावर बसू दे.

फजिती. रविवारी मोटरवेवर गेलो. ताशी ६० मैलांवर दोन्ही खिडक्यांच्या वर पतंगासारखं फडफड, फडफड. घरी येऊन बघतो तर बाजूच्या काठात एक पोकळ शिवण असते, तिच्यातून तारेची केबल जाते, ती कापडाला ताणून धरते. दोन्ही केबली जुन्या हूडातच राहिल्या होत्या. जुनं हूड शेडमध्ये गुंडाळून ठेवलेलं, त्यातून काढल्या, हँगरची तार सरळ करून तिला बांधून नव्या शिवणीतून ओढल्या. दोन तास. आता आवाज नाही.

---

रस्टबकेट | २४ मार्च, सकाळी ८.१०

केबल माझीच चूक. पोहे फार चांगले होते, लक्ष तिकडे होतं.

---

ओलाचिंब | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

धागा वर काढतो, कारण दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं.

आठ महिने झाले. उन्हाळ्यात मोजून चौतीस वेळा उघडं फिरलो, मुलीने कॅलेंडरवर खुणा केल्यात. आता पंधरा दिवस सलग पाऊस चालू आहे. कार्पेट कोरडं. थेंब अजून घरंगळतात, पण झाडाच्या बाजूला, उजव्या शिवणीजवळ, हाताएवढ्या जागेत घरंगळत नाहीत, तिथे कापड ओलं दिसतं. सिकॅमोरचा तो चिकट रस बहुधा. कोमट पाण्याने धुऊन घेतलंय, कोरडा आठवडा मिळाला की द्रव मारणार. म्हणजे मे महिन्यात.

ड्रेन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघतो. मुलगी टॉर्च धरते, पण आता लांबूनच.

---

नानाची_जीप | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

अभिनंदन. जुन्या हूडाचं काय केलं? टाकू नका हो.

---

ओलाचिंब | १७ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

आई साताऱ्याहून आली होती ऑगस्टमध्ये. तिने चीर गेलेला कोपरा कापून टाकला, उरलेल्याला कडेने टीप मारली आणि मागच्या अंगणातल्या सायकलींवर बांधलं. एक थेंब आत जात नाही.